साहेबांचा डोळा चुकला नव्हता

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी, पावणेतीनच्या सुमारास, उतारावरच्या अर्ध्या एकराच्या एका तुकड्यात मी खाली वाकलो आणि जमिनीत नीट ठोकलेली एक लाकडी खुंटी उपटली. माझ्या आयुष्यात जे काही बदललं ते त्या वाकण्यात बदललं. भाषणाची सुरुवात अशी करत नाहीत हे मला ठाऊक आहे. म्हणून आता रीतीने सुरुवात करतो.

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले आमचे कार्यालयप्रमुख, मुख्य कार्यालयातून एवढा प्रवास करून आलेले दोन्ही पाहुणे, ज्यांच्यासाठी आज या सभागृहाचा पंखाही दुरुस्त करून घेतला गेला ते आमचे साहेब, साहेबांच्या शेजारी बसलेल्या आणि आम्हा सगळ्यांच्या काकू, कार्यालयातले माझे वडीलधारे सहकारी, आणि उतारावरून कामं टाकून आलेले शेतकरी बंधू-भगिनी, सर्वांना माझा नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'कर्मचाऱ्यांतर्फे दोन शब्द' असं लिहिलंय. हे दोन शब्द आमच्या टायपिस्टताईंनी मला व्यवस्थित टाइप करून दिले होते. ते खिशात आहेत. त्यात 'दीपस्तंभ' तीन वेळा आणि 'ऋषितुल्य' दोन वेळा आहे. ताई, तुमचे कष्ट वाया गेले, माफ करा. मी कागद न बघता बोलणार आहे. मला पट्टी धरायची सवय आहे, माईक धरायची नाही, तेव्हा आवाज कमीजास्त झाला तर मागच्या ओळीतल्यांनी हात वर करावा.

गेल्या तासाभरात साहेबांबद्दल फार चांगलं बोललं गेलं. त्यातलं सगळं खरं आहे. फक्त एक गोष्ट प्रत्येक वक्त्याने पाय न लावता ओलांडली. एकजण म्हणाले, 'एखादा प्रसंग सोडला तर निष्कलंक सेवा.' दुसरे म्हणाले, 'वयानुसार नजर थोडी कमी होणारच.' साहेबांची नोकरी अजून दोन वर्षं शिल्लक आहे. त्यांनी आपणहून निवृत्तीचा अर्ज दिला, त्यात कारण लिहिलं, 'दृष्टी पूर्वीसारखी साथ देत नाही.' हा अर्ज महिनाअखेरीस लागू होतो. महिनाअखेर नऊ दिवसांवर आहे आणि तोवर अर्ज मागे घेता येतो. हे मी आस्थापनेच्या कारकुनांना दोनदा विचारून घेतलंय. दुसऱ्यांदा ते म्हणाले, 'तुला काय करायचंय रे?' तेच आता सांगतो.

आधी थोडं माझ्याबद्दल, म्हणजे चूक कोणाच्या हातून झाली ते समजेल.

मी कृषी महाविद्यालय दुसऱ्या वर्षात सोडलं. का सोडलं, असं कोणी विचारलं की मी एक बाणेदार उत्तर देत असे. शेती-अर्थशास्त्राच्या तासाला प्राध्यापक म्हणाले की अल्पभूधारक शेतकरी चालू हंगामापलीकडे बघतच नाही, म्हणून तो माती धरून ठेवायला एक पैसा खर्च करत नाही. माझं डोकं फिरलं. मी उभा राहिलो, नको ते बोललो, वही बाकावर आपटली आणि बाहेर पडलो. हे खरं आहे. पण माफी मागून परत जाता आलं असतं, प्राध्यापक स्वभावाने चांगले होते. गेलो नाही, कारण कॉलेज पन्नास किलोमीटरवर होतं आणि ती इथे होती.

ती कोण ते येईलच. उतारावरची मंडळी आत्ताच एकमेकांकडे बघायला लागली आहेत.

मग मी या कार्यालयात रोजंदारीवर लागलो. साहेबांनी माझा अर्ज वाचला, वर बघितलं आणि म्हणाले, "शिक्षण अर्धवट सोडलंस ते तुझं तू बघ. माझ्याकडे खुंटी अर्धवट ठोकायची नाही." तेवढीच माझी मुलाखत.

पाहुण्यांसाठी आमची कामाची पद्धत सांगतो. उतारावर बांध घालायचा तर आधी एकाच पातळीतली रेषा शोधावी लागते. साहेब यंत्रामागे उभे राहतात, मी सत्तर-ऐंशी पावलांवर आकडे लिहिलेली उंच पट्टी घेऊन उभा राहतो. तेवढ्या अंतरावरून ओरडून उपयोग नसतो, म्हणून सगळी भाषा हाताची. तळवा वर केला की मी चढाकडे सरकायचं, तळवा खाली केला की उताराकडे. मूठ वळली की थांबायचं आणि तिथेच खुंटी ठोकायची. खुंट्यांवरून चुन्याची फक्की पडते, फक्कीवर माती पडते, बांध होतो. दिवसाअखेर साहेब दर दहावी खुंटी पुन्हा तपासतात. दहा, वीस, तीस. मधल्या खुंट्या तपासायच्या नाहीत, कारण मूठ वळली म्हणजे खुंटी तिथेच ठोकली गेली, यात शंका घेण्यासारखं काय आहे? सगळी पद्धत पट्टी धरणाऱ्याच्या भरवशावर उभी आहे. त्या वर्षी पट्टी धरणारा मी होतो.

आता बांधाच्या हिशेबाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. साहेबांनी आयुष्य त्यात घातलं आणि आज कोणी त्याचा साधा उल्लेखही केला नाही.

अर्ध्या एकराच्या शेतातून बांध गेला की त्याच्या पायाखाली शंभरातले सहा भाग जमीन जाते. वीस एकरवाल्याला ते कळतसुद्धा नाही. अर्ध्या एकरवाल्याच्या त्या सहा भागांत त्याचं तेल-मीठ असतं. बदल्यात काय मिळतं? माती जागेवर राहते, ओल टिकते, पीक सुधारतं. कधी? चौथ्या-पाचव्या वर्षापासून. जमीन आज जाते आणि फळ पाच वर्षांनी येतं. त्यातही अर्धं फळ खालच्या शेतकऱ्याला मिळतं, कारण वरच्याने पाणी अडवलं की खालच्याची माती वाचते. शेत दुसऱ्याकडून कसायला घेतलेलं असेल तर विचारूच नका. पाच वर्षांनी ते आपल्याकडे असेल की नाही, हे ज्याला माहीत नाही तो कशाला हात घालेल? आणि आमचं कार्यालय काय देतं? बांधाच्या मीटरमागे अनुदान. मीटर मोजला जातो, माती मोजली जात नाही. त्यामुळे जिथे बांध नको तिथे लांबलचक बांध होतात आणि जिथे हवा तिथे शेतकरी हात जोडतो. कार्यालयप्रमुख, रागावू नका. हे वाक्य तुमच्याच टेबलावरच्या फाइलमधलं आहे, साहेबांच्या अक्षरातलं.

माझ्या प्राध्यापकांची गोष्ट मी साहेबांना सांगितली होती. मला वाटलं, ते पाठ थोपटतील. साहेब म्हणाले, "तुझे सर अर्धंच चुकले. माणसाला पुढचं दिसतं रे. मधली चार वर्षं कशी ढकलायची, ते दिसत नाही. त्या चार वर्षांचं कोणीतरी बघायला हवं."

त्यासाठी साहेबांनी योजना लिहिली. तिचं नाव त्यांनी 'पट्टीभाडं' ठेवलं होतं. बांधाखाली जेवढी पट्टी जाईल तेवढ्या जमिनीचं भाडं कार्यालयाने शेतकऱ्याला चार वर्षं द्यायचं. उतार कमी असेल तिथे मातीचा बांधच नको, नुसती वाळ्याच्या गवताची दाट ओळ लावायची. खर्च दहावा हिस्सा, वर जनावरांना पाला. शेवटी एक ओळ होती, 'जी माती एकदा ओढ्यात गेली तिचं भाडं कोणालाही देता येत नाही.' योजना एका सहीवर आली होती. एका सहीवर, मंडळी.

आता ती.

समोर तिसऱ्या रांगेत सायकल दुरुस्त करणारे काका बसले आहेत. ती त्यांची मुलगी. काका, मान खाली घालू नका, तुमचं काहीच चुकलं नाही. काकांचा अर्ध्या एकराचा तुकडा उताराच्या मधोमध आहे. त्यात तिने स्वतः लावलेली लिंबाची झाडं होती, कॅनने पाणी घालून वाढवलेली. तिला नर्सिंगला जायचं होतं आणि पहिल्या वर्षाची फी लिंबांवर ठरली होती. मी तिच्यावर प्रेम करत होतो. प्रेम एकतर्फी होतं. आजही आहे, फक्त आता ते मला समजलंय.

त्या दिवशी आमची रेषा काकांच्या शेतात शिरली आणि बरोबर लिंबांतून गेली. तेरा, चौदा, पंधरा, सोळा. चार खुंट्या आणि तीन झाडं. ती शेताच्या कडेला कॅन घेऊन उभी होती. साहेब पुढच्या टप्प्यासाठी यंत्र उचलून उताराच्या पलीकडे गेले, तेव्हा तिने मला विचारलं की या झाडांचं काय होणार. मी म्हणालो, "तू काळजी करू नकोस. मी आहे ना."

या सभागृहात ज्यांचं वय बावीस-तेवीसच्या आसपास आहे त्यांना हात जोडून सांगतो, हे वाक्य कोणाला म्हणू नका. म्हणायचंच झालं तर आधी आपल्या हातात काय आहे ते बघा. माझ्या हातात एक हातोडी होती.

मी चौदावी खुंटी उपटली आणि चार पावलं खाली नेऊन ठोकली. मग तेरावी, पंधरावी, सोळावी थोड्या थोड्या अंतराने, रेघ डोळ्यांना वेडीवाकडी दिसू नये अशी. दहावी आणि विसावी जागच्या जागी. काम पाच मिनिटांत झालं. त्या उतारावर चार पावलं खाली म्हणजे पातळीत वीतभर फरक. वीतभराने काय होतंय, असं मला वाटलं. दीड-दोन वर्षं कॉलेजात बसलेल्या माणसाला हे वाटलं, हे लक्षात घ्या. संध्याकाळी साहेबांनी दहावी तपासली, विसावी तपासली आणि वहीत सही केली.

अध्यक्ष महाराज, आपण पाठवलेली चिठ्ठी मिळाली. तिच्यावर 'आवरा' लिहिलंय. आवरतोच आहे. पण मधेच माईक बंद केलात तरी मी बोलणार, आणि माझा आवाज कसा आहे ते कँटीनवाल्यांना विचारा.

पुढच्या हंगामात एका दुपारी चार तास पाऊस कोसळला. बांधामागे पाणी साठलं. बांधाची उंची सगळीकडे सारखीच होती, पण त्या तीस पावलांत त्याचा पाया वीतभर खाली, म्हणून माथाही वीतभर खाली. पाण्याला यंत्र लागत नाही. त्याने ती जागा शोधून काढली, वरून सांडायला लागलं आणि संध्याकाळपर्यंत चौदा पावलं बांध वाहून गेला. अख्ख्या उताराचं अडवलेलं पाणी एका तोंडातून खालच्या शेतात घुसलं.

खालचं शेत शिपाईकाकांचं. काका पहिल्या रांगेत आहेत. तीस वर्षं शाळेची घंटा वाजवून निवृत्त झाले आणि पाऊण एकरात राबू लागले. उतारावर साहेबांवर पहिला विश्वास त्यांनी टाकला होता. बैठकीत साहेबांनी पाच वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा काका म्हणाले होते, "आधी मी पाच वर्षं टिकतो का ते सांगा, मग पीक सांगा." सगळे हसले, आणि काकांनीच सगळ्यांत आधी अंगठा उठवला. त्यांच्या शेतात गुडघाभर खोल घळ पडली. पेरलेलं गेलं, त्याचं दुःख एका वर्षाचं. पण नांगराच्या फाळाएवढी वरची माती गेली. खाली पिवळा मुरूम उघडा पडला. तो अजूनही तसाच आहे.

लिंबाची तिन्ही झाडं मात्र जागेवर होती. धुऊन स्वच्छ झाली होती.

दुसऱ्या दिवशी साहेब आणि मी तिथे गेलो. शिपाईकाका घळीच्या काठावर बसले होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "साहेब, माझी घंटा कधी पाच मिनिटं चुकली तर पोरं तरी खूश व्हायची. तुमच्या चुकीने कोण खूश झालं?" मला उत्तर माहीत होतं.

साहेबांनी यंत्र लावलं. उरलेल्या तुकड्याची पातळी घेतली. एकदा घेतली, पुन्हा घेतली. मग माझ्याकडे आले आणि अगदी हळू आवाजात त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"त्या दिवशी माझी मूठ तुला नीट दिसत होती का रे?"

मी म्हणालो, "दिसत होती, साहेब."

हे उत्तर खरं होतं. म्हणून तर ते इतकं वाईट आहे. मूठ दिसत होती, याचा अर्थ खुंटी मुठीच्या जागी ठोकली गेली. मग चूक राहते कुठे? यंत्रामागच्या डोळ्यात. साहेबांनी मान हलवली आणि म्हणाले, "मग मीच चुकलो असणार." आणि शिपाईकाकांपुढे जाऊन त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. माझ्यावर त्यांनी क्षणभरही संशय घेतला नाही. घेतला असता तर मी चिडलो असतो, भांडलो असतो आणि भांडता भांडता खरं बोलून गेलो असतो. माझा स्वभाव मला माहीत आहे.

चौकशी समिती आली. आजच्या पाहुण्यांपैकी एकजण तिच्यावर होते. त्यांचा काही दोष नाही, समोर जे आलं त्यावर त्यांनी लिहिलं, 'निरीक्षणात त्रुटी.' दोनच शब्द. त्या दोन शब्दांनी पट्टीभाड्याची फाइल परत आली. वऱ्हांड्यात कोणीतरी मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणालं की ज्यांना साधी रेषा आखता येत नाही त्यांनी भाडी ठरवू नयेत. उतारावर बांध घातलेले अकरा शेतकरी होते. वर्षभरात त्यातल्या सहांनी आपापले बांध नांगराने मोडले आणि त्यावर मका पेरला. त्यांना मूर्ख म्हणू नका. फायदा पाच वर्षांनी आहे हे त्यांनी साहेबांच्या शब्दावर मानलं होतं. तो शब्दच फुटला म्हटल्यावर सहा भाग जमीन कोण अडकवून ठेवील? बांध घालायला महिना लागतो, मोडायला एक सकाळ पुरते. अल्पभूधारकाच्या हिशेबात विश्वास हेसुद्धा भांडवल असतं, हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही. मी ते बुडवून शिकलो.

आणि साहेब? साहेब एका खुंटीला तीन-तीनदा बघायला लागले. जिथे दिवसाला साठ खुंट्या व्हायच्या तिथे वीस होईनात. कार्यालयात चेष्टा सुरू झाली. साहेबांनी दोनदा चष्मा बदलला. दुसऱ्यांदा डॉक्टर म्हणाले की नंबर तोच आहे, कशाला बदलता? काकूंनी एकदा मला सांगितलं की आजकाल हे समोर आलेल्या बसचा नंबरही मला वाचायला लावतात. काकू, तुम्ही हे हसत सांगितलं होतं. मी चहा अर्धा टाकून उठलो होतो, आठवतंय? तुम्हाला वाटलं, साखर जास्त झाली.

साहेब, तुमचा डोळा चुकला नव्हता. तो त्या दिवशीही बरोबर होता आणि आजही आहे. तेरा ते सोळा या चारही खुंट्यांना तुमची मूठ जिथे वळली तिथेच रेषा होती. चुकला तो माझा हात. चुकला असंही नाही, मी तो मुद्दाम चुकवला.

नाही साहेब, उठू नका. बसा. अजून थोडंच राहिलंय आणि तेच मला सगळ्यांत जड आहे.

गेल्या वर्षी, उताराच्या दुसऱ्या अंगाला, एका विधवा बाईंच्या शेतात आपली रेषा विहिरीवरून जात होती. बाई काही बोलण्याआधीच तुम्ही मला म्हणालात की खुंट्या पाच पावलं खाली घे. मी विचारलं, असं चालतं? तुम्ही म्हणालात, "का नाही चालणार? तेवढ्या तुकड्यात बांध वीतभर उंच करायचा. पाणी माथा बघतं, पाया बघत नाही. दोन ट्रॉली माती जास्त लागेल, एवढंच." मी पट्टी घेऊन जागेवर गेलो आणि ती तिरकीच धरली. तुम्ही लांबून हाताने विचारलंत, काय झालं? मी खूण केली, वारा आहे.

दोन ट्रॉली माती, मंडळी. दोन ट्रॉली माती आणि एक वाक्य. 'साहेब, इथे तीन झाडं आहेत.' मी एवढं म्हणालो असतो, तर झाडं राहिली असती, बांध राहिला असता, शिपाईकाकांची माती राहिली असती आणि ती फाइल आज कायदा नाही तरी निदान नियम झाली असती. मी म्हणालो नाही, कारण मग झाडं साहेबांनी वाचवली असती. मला ती मी वाचवायची होती.

तिला हे केव्हाच कळलं होतं. दुपारी खुंट्या झाडांत होत्या आणि संध्याकाळी झाडांच्या खालच्या अंगाला, हे तिने बघितलं होतं. तिला वाटलं होतं की साहेबांनी हलवल्या. बांध फुटल्यावर तिने मला गाठून सरळ विचारलं. मी, कबूल करतो, थोड्या अभिमानानेच म्हणालो की तुझ्यासाठी केलं.

"मी साहेबांना विचारणारच होते," ती म्हणाली. "तू 'मी आहे ना' म्हणालास म्हणून गप्प बसले. आणि शिपाईकाकांची माती गेली, तीपण माझ्यासाठीच का?"

मी शब्द दिला की उद्या साहेबांना सांगतो. तिने तो शब्द धरला आणि स्वतः कोणाकडे तोंड उघडलं नाही. त्या झाडांचं एकही लिंबू तिने विकलं नाही. शिपाईकाका, तुमच्या ओट्यावर दर आठवड्याला कोण टोपली ठेवून जायचं, याचा तुम्ही वर्षभर शोध घेत होतात. ती ठेवायची. तिची फी मग तिच्या वडिलांनी दुकानातली दोन नवी चाकं आणि हवेचा पंप विकून भरली. ती गेली, आता दुसऱ्या गावातल्या दवाखान्यात नर्सिंग शिकतेय. लग्न ठरल्याचं ऐकतो. जाताना तिने मला एवढंच विचारलं की तुझा उद्या झाला का? नव्हता झाला. आज ती या सभागृहात नाही हे एका परीने बरं आहे. ती समोर असती तर हे सगळं मी कोणासाठी बोलतोय, असा संशय मलाच आला असता.

रागीट माणसं धीट असतात असा एक समज आहे. माझ्यावरून तो सोडून द्या. वही आपटायला काही लागत नाही. हे सांगायला मला तीन वर्षं लागली, आणि तीही कधी, तर साहेबांच्या हातात पुष्पगुच्छ पडल्यावर.

आता उपचार. हे तीन लिफाफे मी टेबलावर ठेवतो. एक कार्यालयप्रमुखांसाठी, एक चौकशी समितीसाठी. दोन्हींत आत्ता बोललो तेच आहे, तारीख, खुंट्यांचे क्रमांक आणि माझी सही. त्यातच माझा राजीनामा आहे. रोजंदारीवाल्याला राजीनामा लागत नाही, असं कारकून म्हणाले. असू द्या, मला लिहायचा होता. तिसरा लिफाफा साहेबांच्या नावाचा आहे. त्यात पट्टीभाड्याच्या योजनेची प्रत आहे, मी हाताने उतरवून काढलेली. मूळ फाइल सापडत नाही म्हणतात, म्हणून. साहेब, अर्ज मागे घ्या असं म्हणण्याचा हक्क मी घालवून बसलोय. फक्त त्या अर्जातलं कारण खोटं आहे, एवढं तुम्हाला माहीत असावं.

शिपाईकाका, मी उद्यापासून तुमच्या शेताच्या वरच्या बांधावर फावडं आणि वाळ्याची रोपं घेऊन येतो. आत यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नको म्हणालात तर रस्त्याच्या कडेला थांबेन. तुमची माती आणून देणं माझ्याच्याने होणार नाही. ते कोणाच्यानेच होणार नाही.

अध्यक्षांचे आभार, त्यांनी दुसरी चिठ्ठी लिहून ती पाठवली नाही. पाहुण्यांचे आभार, काकूंचे आभार, ताईंच्या न वाचलेल्या भाषणाचे आभार. इतका वेळ कोणी उठून गेलं नाही, याबद्दल आपणा सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, शब्द कठोर गेला असेल, तर तेवढ्यापुरती क्षमा असावी. बाकीच्या गोष्टीची क्षमा आज कोणी करू नये. बाहेर चहा मांडलाय. हातात कप असला की माणसं लवकर माफ करतात, म्हणून मी चहाला थांबत नाही.

आणि मी इथे उभा असेपर्यंत साहेबांना बोलता येणार नाही. ते माझ्याकडे बघतील आणि माझीच समजूत काढायला लागतील, मी त्यांना ओळखतो. तेव्हा हा मी खाली उतरलो. साहेब, माईक तुमचा. मी बाहेर जातोय आणि दार माझ्यामागे ओढून घेतोय. ते नीट बसत नाही, जरा जोर लावावा लागेल. आवाज झाला तर राग समजू नका.